शनीचा तो चंद्र अर्धा वेळ गायब असायचा, कॅसिनीने त्याचं कारण ३०० वर्षं आधीच ओळखलं होतं

शनी म्हटलं की आपल्याकडे आधी साडेसाती आठवते आणि मग त्याची कडी. या कड्यांमध्ये एक मोठी काळी फट दिसते. तिला ‘कॅसिनीची फट’ म्हणतात. नासाने शनीकडे पाठवलेल्या यानाचं नावही कॅसिनीच.

पण हा कॅसिनी होता कोण?

जिओव्हानी डोमेनिको कॅसिनीचा जन्म ८ जून १६२५ चा. गाव पेरिनाल्डो, आजच्या इटलीत, फ्रान्सच्या सीमेजवळ. तरुणपणी त्याला नाद होता तो फलज्योतिषाचा. पुढे त्याचा त्यावरचा विश्वास उडाला, पण पहिली नोकरी मिळाली ती याच नादामुळे. बोलोन्याचा सरदार मालवासिया ज्योतिषाचा शौकीन होता. त्याने आपल्या खासगी वेधशाळेत कॅसिनीला बोलावून घेतलं. तिथल्या दुर्बिणींमुळे कॅसिनी कुंडली सोडून आकाशाकडे वळला.

१६५० मध्ये तो बोलोन्याच्या विद्यापीठात खगोलशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याने गुरू आणि मंगळ स्वतःभोवती किती वेळात फिरतात ते मोजलं. १६६८ मध्ये गुरूच्या चंद्रांचं वेळापत्रक छापलं. हे चंद्र कधी दिसतील आणि कधी झाकले जातील, यावरून पृथ्वीवरच्या ठिकाणाचे रेखांश काढता यायचे. त्यामुळे नकाशे करणाऱ्यांसाठी ते सोन्यासारखं होतं.

साहजिकच फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारातून बोलावणं आलं. १६६९ मध्ये कॅसिनी पॅरिसला गेला आणि तिथल्या नव्या वेधशाळेचा कारभार बघू लागला. आला होता थोड्या दिवसांसाठी, पण तिथेच रमला. १६७३ मध्ये त्याने फ्रान्सचं नागरिकत्व घेतलं.

तोवर शनीचा एकच चंद्र माहीत होता. हायगेन्सने १६५५ मध्ये शोधलेला टायटन.

ऑक्टोबर १६७१ मध्ये कॅसिनीला शनीच्या पश्चिमेला आणखी एक ठिपका दिसला. हाच आयपेटस. तो शनीभोवती ७९ दिवसांत एक फेरी मारतो, म्हणजे काही आठवड्यांनी तो पूर्वेला दिसायला हवा. कॅसिनीने शोधलं, पण चंद्र गायब. पुढच्या वर्षी तो परत पश्चिमेलाच सापडला.

असं कसं होईल? जो चंद्र एका बाजूला दिसतो, तो दुसऱ्या बाजूला जातो कुठे?

कॅसिनीने काढलेला निष्कर्ष असा होता. आपला चंद्र जशी पृथ्वीकडे कायम एकच बाजू ठेवतो, तसाच आयपेटस शनीकडे ठेवत असणार. म्हणजे वाटचालीत त्याची एक बाजू कायम पुढे आणि दुसरी कायम मागे. शनीच्या पूर्वेला असताना तो आपल्याकडे येत असतो, तेव्हा आपल्याला त्याची पुढची बाजू दिसते. पश्चिमेला असताना तो लांब जात असतो, तेव्हा मागची. मागची बाजू चकचकीत आणि पुढची काळीकुट्ट असेल, तर कोडं सुटतं.

पण पूर्वेकडचा आयपेटस दिसल्याशिवाय खात्री कशी पटणार? त्यासाठी लागली ३४ वर्षं. १६७२ मध्ये कॅसिनीला ऱ्हिया सापडला, १६७५ मध्ये कड्यांमधली फट आणि १६८४ मध्ये टेथिस आणि डायोनी. त्या काळच्या काही दुर्बिणींना नळीच नसायची. उंच मनोऱ्यावर भिंग बसवायचं आणि शंभर फुटांहून लांब उभं राहून बघायचं, असा तो खटाटोप. अखेर १७०५ मध्ये जास्त चांगल्या दुर्बिणीतून त्याला आयपेटस पूर्वेलाही दिसला. अगदी मंद, पण होता.

म्हणजे कॅसिनी कधी चुकलाच नाही का? तर तसं नाही. १६७६ मध्ये त्याच्याच वेधशाळेत काम करणाऱ्या ओल रोमरने गुरूच्या चंद्रावरून दाखवून दिलं की प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो. कॅसिनीला ते पटलं नाही. रोमर बरोबर होता.

शेवटच्या काळात कॅसिनीची दृष्टी गेली. १४ सप्टेंबर १७१२ रोजी पॅरिसमध्ये त्याचं निधन झालं. आयुष्यभर त्याच्यासाठी आयपेटस हा एक ठिपकाच राहिला.

१९८० आणि १९८१ मध्ये व्हॉयेजर यानांनी लांबून काढलेल्या फोटोंत आयपेटसचे दोन रंग दिसले. मग १९९७ मध्ये निघालेलं कॅसिनी यान २००४ मध्ये शनीजवळ पोहोचलं आणि १० सप्टेंबर २००७ रोजी आयपेटसपासून फक्त १,६४० किलोमीटरवरून गेलं. फोटोंत एक बाजू बर्फासारखी पांढरी आणि दुसरी डांबरासारखी काळी. विषुववृत्तावर डोंगरांची एक लांबलचक रांगही होती, काही ठिकाणी २० किलोमीटर उंच.

हा काळा रंग आला कुठून? शनीचा फीबी नावाचा एक चंद्र उलट्या दिशेने फिरतो. त्याच्यावरून उडालेली धूळ आयपेटसच्या पुढच्या बाजूवर बसते, जशी गाडीच्या पुढच्या काचेवर बसते. काळी जमीन जास्त तापते, तिथला बर्फ उडून जातो आणि थंड, पांढऱ्या भागावर जाऊन गोठतो. त्यामुळे काळं आणखी काळं होतं, पांढरं आणखी पांढरं. या काळ्या भागाला आज ‘कॅसिनी रेजिओ’ म्हणतात.

साडेचार लाखांहून जास्त फोटो पाठवून झाल्यावर यानाचं इंधन संपत आलं. शनीच्या चंद्रांवर आदळून ते तिथे पृथ्वीवरचे जंतू नेईल, ही भीती होती. म्हणून त्याला मुद्दाम शनीच्या वातावरणात शिरवून नष्ट करण्यात आलं.

तो दिवस होता १५ सप्टेंबर २०१७. कॅसिनीच्या ३०५ व्या पुण्यतिथीचा दुसरा दिवस.