पोल्टाव्हाचा जय मिळता तर?
(स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स याचें अल्प चरित्र)

अमुक लढाई उलट पक्षानें जिंकली असती तर काय झालें असतें, हा प्रश्न इतिहासाच्या तासाला विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. कित्येक विद्वान् असला प्रश्न निरर्थक समजतात. पण आम्हांस तसें वाटत नाहीं. जें घडलें तें कां घडलें हें समजण्यास, जें घडलें नाहीं त्याची कल्पना करून पाहणें हें एक चांगलें साधन आहे. स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स याच्या चरित्रावरून ही गोष्ट फार स्पष्ट दिसते.

चार्ल्सचा जन्म सन १६८२ मध्यें स्टॉकहोम येथें झाला. त्या काळीं स्वीडन हें उत्तर यूरोपांतील अग्रगण्य राष्ट्र होतें. बाल्टिक समुद्राच्या पूर्वेकडील इंग्रिया, एस्टोनिया व लिव्होनिया हे प्रांत त्याच्या ताब्यांत असल्यामुळें रशियाला त्या समुद्रावर एकही बंदर नव्हतें. सन १६९७ मध्यें बाप वारल्यावर अवघ्या पंधराव्या वर्षीं राज्याचीं सर्व सूत्रें चार्ल्सच्या हातीं आलीं. राजा पोरवयाचा आहे असें पाहून डेन्मार्कचा राजा, पोलंडचा राजा व सॅक्सनीचा अधिपति ऑगस्टस, आणि रशियाचा झार पीटर या तिघांनीं संगनमत केलें, व सन १७०० मध्यें स्वीडनवर चोहोंकडून संकट कोसळलें.

परंतु ज्याला त्यांनीं पोर समजलें, तो वाघाचा बच्चा निघाला. कांहीं आठवड्यांतच त्यानें डेन्मार्कला तह करावयास लाविलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत नार्व्हा येथें, बर्फाचें वादळ शत्रूच्या तोंडावर येत असतां, सुमारें दहा हजार शिपायांनिशीं त्यानें तिपटीहून मोठ्या रशियन सैन्याची दाणादाण केली. तो मद्यास शिवत नसे, साधें अन्न खाई, व शिपायांबरोबर थंडीवाऱ्यांत उघड्यावर निजे. असा राजा पुढें असल्यावर शिपाई त्याच्यासाठीं मरावयास तयार होत, यांत नवल तें काय?

येथेंच त्याच्या आयुष्यांतील पहिला फांटा फुटला. नार्व्हानंतर पीटरशीं मानाचा तह करावयाचा, किंवा त्याला सांवरूं न देतां त्याच्यावर चालून जावयाचें, हे दोन मार्ग होते. चार्ल्सनें तिसराच धरिला. रशिया आतां कामांतून गेला असें मानून तो ऑगस्टसच्या पाठीस लागला, आणि त्याला पोलंडच्या गादीवरून दूर करण्यांत सन १७०६ पर्यंतचीं वर्षें त्यानें घालविलीं. पीटर मात्र हरण्यापासून शिकत होता. त्यानें देवळांच्या घंटा वितळवून तोफा ओतल्या, नवें सैन्य शिकवून तयार केलें, आणि सन १७०३ मध्यें नीव्हा नदीच्या मुखाशीं पीटर्सबर्ग शहराचा पाया घातला. एवढें करूनही तो तहास राजी होता. त्या शहराभोंवतालची थोडी भूमि ठेवून बाकीचें परत देण्याची त्याची तयारी होती. चार्ल्सनें तें बोलणें झिडकारलें.

मग मॉस्कोवर स्वारी निघाली. पीटरच्या सैन्यानें मागें हटतां हटतां मुलूख जाळून टाकला. तेव्हां स्वीडिश फौजेस दाणावैरण मिळेना. सेनापति लेव्हनहौप्ट हजारों गाड्या भरून सामग्री आणीत होता. पण त्याची वाट न पाहतां सन १७०८ च्या सप्टेंबरांत चार्ल्स दक्षिणेस युक्रेनकडे वळला. लेव्हनहौप्टला रशियनांनीं लेस्नाया येथें गांठलें, व तो सर्व सामग्री गमावून उरलेल्या शिपायांनिशीं कसाबसा राजाला येऊन मिळाला. त्या वर्षींचा हिंवाळा इतका भयंकर होता कीं, हजारों शिपाई थंडीनें मेले अगर पंगु झाले.

ता. ८ जुलै १७०९ रोजीं पोल्टाव्हा येथें निकाल लागला. राजाच्या पायास कांहीं दिवसांपूर्वींच गोळी लागल्यामुळें त्याला डोलींत घालून रणांगणावर न्यावें लागलें. सुमारें सतरा हजार स्वीडिश सैन्यासमोर चाळीस हजारांवर रशियन उभे होते. पायदळाचा जवळजवळ तिसरा हिस्सा शत्रूच्या मातीच्या बुरुजांपाशीं अडकून मुख्य सैन्यापासून तुटला. दुपारपूर्वींच सर्व संपलें. जवळजवळ सात हजार स्वीडिश शिपाई ठार झाले. उरलेल्या फौजेनें तीन दिवसांनीं नीपर नदीकांठीं शस्त्रें खालीं ठेविलीं. आणि राजा तुर्कांच्या आश्रयास गेला.

आतां आपण कल्पना करूं. राजा घोड्यावर असता, तुटलेलें पायदळ वेळेवर येऊन मिळतें, आणि पीटरचा मोड होता, तर? पीटरला तह मागावा लागता. कदाचित् पीटर्सबर्गही सोडावें लागतें, व बाल्टिकचे प्रांत आणखी एखादी पिढी स्वीडनकडे राहते. पण तह मागणें पीटरच्या हातीं असलें, तरी तो देणें चार्ल्सच्या हातीं होतें. आणि नार्व्हाच्या जयानंतर त्यानें काय केलें हें आपण पाहिलेंच आहे. तो मॉस्कोकडेच निघता. रशियाचा एक शिपाई पडला तर दुसरा त्याच्या जागीं येई; स्वीडनचा पडला तर ती जागा रिकामीच राही. म्हणून जें पोल्टाव्हास झालें, तें पुढें दुसऱ्या एखाद्या गांवीं झालें असतें, असें आम्हांस वाटतें.

याला पुरावाही आहे. सन १७११ मध्यें प्रूथ नदीच्या कांठीं तुर्कांनीं पीटरला खरोखरच कोंडलें. त्या वेळीं पीटरनें हट्ट धरिला नाहीं. अझोव्हचा किल्ला परत देण्याचें कबूल करून त्यानें आपलें सैन्य वांचविलें. दोघां राजांमधला भेद तो हाच. एकास मागें पाऊल घेतां येत होतें, दुसऱ्यास येत नव्हतें.

तुर्कस्तानांत पांच वर्षें काढून सन १७१४ मध्यें चार्ल्स आपल्या राज्यांत परतला. प्रजा थकली होती, तरी त्यानें युद्ध थांबविलें नाहीं. सन १७१८ च्या अखेरीस नॉर्वेंत फ्रेड्रिक्स्टेन किल्ल्याच्या वेढ्यांत डोक्यास गोळी लागून तो मरण पावला. त्याचें वय त्या वेळीं केवळ छत्तीस वर्षांचें होतें. सन १७२१ च्या तहानें इंग्रिया, एस्टोनिया व लिव्होनिया रशियाकडे गेले, आणि स्वीडनचें थोरपण संपलें.

विद्यार्थिमित्रहो, चार्ल्सच्या अंगीं शौर्य, साधेपणा व निर्व्यसनीपणा हे गुण होते. ते अवश्य घ्यावेत. पण केव्हां थांबावें हें ज्ञान त्याला नव्हतें, आणि त्या एका उणिवेची किंमत त्याच्या एकट्यानें नव्हे, तर हजारों घरांतील आईबापांनीं दिली. त्यांचे मुलगे युक्रेनच्या मातींत राहिले. पोल्टाव्हाचा जय त्याला मिळाला असता, तर त्या घरांचें दुःख टळलें नसतें. नार्व्हानंतर तो तहास तयार झाला असता, तर कदाचित् तें टळलें असतें.