कुंभकोणमचे रामानुजन आणि शाळेतला पहिला संगणक

शाळेत पहिला संगणक आला तेव्हा तो सुरू करणे हा एक विधीच होता. फ्लॉपी खाचेत सरकवायची, खिटी आडवी करायची, बटण दाबायचे. खरखर थांबली की काळ्या पडद्यावर अक्षरे उमटत आणि यंत्र सर्वांत आधी आजची तारीख विचारी. महिना आधी, दिवस मागून. २२ डिसेंबर १९८७ रोजी गणिताच्या सरांनी आम्हांला श्रीनिवास रामानुजन यांची जन्मतारीख टंकायला सांगितली. १८८७ हे साल यंत्राने नाकारले. डॉसला १९८० पूर्वीचा काळ ठाऊकच नव्हता. नुसते ८७ लिहिले तेव्हा मात्र ते मुकाट्याने पुढे गेले. त्या शताब्दीच्या दिवशी हे चरित्र मी प्रथम ऐकले.

रामानुजनांचा जन्म इरोडला, आजोळी झाला. ते वाढले कुंभकोणमला. एके काळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात असलेले कावेरीकाठचे हे देवळांचे गाव मराठी माणसाला परके नाही. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म येथलाच. वडील कापडाच्या दुकानात कारकून, घर सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर. टाउन हायस्कुलात शिकत असताना, सोळाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांच्या हाती कार या इंग्रज शिक्षकाचे पुस्तक पडले. त्यात सुमारे पाच हजार सूत्रे होती, सिद्धता जवळजवळ नव्हत्याच. तेव्हाचा संगणकही असाच जागा होई: यंत्रात कायमची कोरलेली चिमूटभर आज्ञावली फ्लॉपीचा पहिला तुकडा वाची, तो तुकडा पुढचे वाचून घेई आणि बघता बघता सारी प्रणाली उभी राही. ही उपमा सरांची. मला ती आजही पटते.

कागद परवडत नसे. मांडणी पाटीवर होई, कोपराने पुसली जाई आणि वहीत उतरे ते केवळ उत्तर.

शाळेच्या ग्रंथात पुढचे सांगणे अवघड आहे, पण वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९०४ साली शाळेने गणिताचे रंगनाथराव पारितोषिक ज्याला दिले, तो मुलगा कॉलेजात इतर विषयांत नापास झाला आणि त्याची शिष्यवृत्ती गेली. १९०५ मध्ये तो घरी न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला. पुढे मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजातही तेच घडले. पदवी नाही, नोकरी नाही, लग्न झालेले, आणि बगलेत वह्या. १९१२ मध्ये मद्रासच्या बंदर कचेरीत महिना तीस रुपयांची कारकुनी मिळाली. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र धाडले, आणि १९१४ च्या मार्चमध्ये ते बोटीवर चढले.

त्याच वर्षी त्यांचा पायविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात सतरा श्रेणी होत्या. सरांनी त्यांतली एक बेसिकमध्ये बसवली होती. पहिल्या पदातच सहा दशांश स्थळे अचूक आली. दुसरे मिळवताच पंधरा, आणि आमच्या यंत्राची अचूकता जवळजवळ तिथेच संपली. एक, वजा एक तृतीयांश, अधिक एक पंचमांश ही जुनी सोपी श्रेणी हजार पदे मोजूनही तिसऱ्या दशांशात चुकते. वर्गात त्या वेळी झालेली शांतता मला आठवते.

इंग्लंडात महायुद्ध, थंडी आणि शाकाहारी जेवणाची आबाळ. १९१७ पासून प्रकृती ढासळली. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे आणि ट्रिनिटीचे फेलोपद लाभले. मार्च १९१९ मध्ये ते मुंबईला उतरले ते आजारीच. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासला त्यांचे निधन झाले. वय बत्तीस. अखेरच्या महिन्यांतही त्यांचे गणित थांबले नव्हते.

१९८५ मध्ये अमेरिकेतील बिल गॉस्पर यांनी तीच श्रेणी संगणकावर चालवून पायची एक कोटी पंचाहत्तर लाखांहून अधिक स्थळे काढली. ती खरी असल्याची पूर्ण सिद्धता तेव्हा कोणापाशीच नव्हती. बोरवाइन बंधूंनी ती ग्रंथरूपाने मांडली १९८७ मध्ये, आम्ही ती तारीख टंकली त्याच वर्षी.