सावळी, बोलक्या डोळ्यांची स्मिता

मैत्रिणींनो, नायिका म्हटली की गोरीपान, असं ठरूनच गेलं होतं. त्या काळात सावळी स्मिता पाटील आली आणि आपल्या घरातलीच वाटली.

१७ ऑक्टोबर १९५५ चा तिचा जन्म, पुण्यातला. घराणं खानदेशातल्या शिरपूरचं. वडील शिवाजीराव राजकारणात, आई विद्याताई परिचारिका आणि समाजसेविका. मुंबई दूरदर्शनवर स्मिता मराठी बातम्या वाचायची. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची म्हणे! तिथूनच ती श्याम बेनेगलांच्या नजरेत भरली. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली.

पण आपल्या मनात घर केलं ते १९८२ च्या ‘उंबरठा’नं. सुधारगृहात काम करायला बाहेर पडलेली सुलभा परत येते, तेव्हा घरात तिची जागा उरलेली नसते. कितीजणींना ती आपलीच गोष्ट वाटली!

२८ नोव्हेंबर १९८६ ला तिला मुलगा झाला, प्रतीक. पंधराच दिवसांनी, १३ डिसेंबरला, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीनं ती गेली. वय अवघं एकतीस. एवढी नामवंत, मुंबईसारख्या शहरात राहणारी, तरीही!

आपल्याकडे बाळ आलं की सगळं घर पाळण्याभोवती गोळा होतं. बाळंतिणीचा ताप, डोकेदुखी, जास्तीचं अंगावर जाणं ‘होतंच असं’ म्हणून सोडून दिलं जातं. तसं करू नका गं. लगेच डॉक्टरांकडे न्या. बाळाइतकीच त्याची आईही जपायला हवी.