भयकथाकार एडगर अ‍ॅलन पो

१८११ सालच्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील रिचमंड शहरी एक तरुण अभिनेत्री आजाराने मरण पावली. तिचा पती संसार टाकून आधीच निघून गेला होता. तिच्या तीन मुलांना तीन निरनिराळ्या घरी आसरा मिळाला. त्यांतील मधला मुलगा म्हणजे एडगर. त्याचा जन्म १९ जानेवारी १८०९ रोजी बॉस्टन येथे झाला होता. आईला तो अंतरला, तेव्हा त्याला तीन वर्षेही पुरी झाली नव्हती. तिचे एक लहानसे चित्र तेवढे त्याच्यापाशी राहिले आणि ते त्याने पुढे जपून ठेवले.

जॉन अ‍ॅलन नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याने व त्याच्या पत्नीने एडगरचा सांभाळ केला. अ‍ॅलन हे नाव त्याला याच घराने दिले. विधिपूर्वक दत्तक मात्र त्याला कधीच घेतले नाही. १८१५ ते १८२० ही पाच वर्षे हे कुटुंब इंग्लंडमध्ये होते. एडगर तेथील शाळांत शिकला. १८२६ साली तो व्हर्जिनिया विद्यापीठात दाखल झाला. परंतु घरून येणारा पैसा अपुरा पडे, आणि ती तूट जुगाराने भरून काढण्याच्या नादात तो कर्जात बुडाला. वर्ष संपण्यापूर्वीच त्याचे शिक्षण सुटले. पालकाशी त्याचे बिनसले ते कायमचेच. त्यानंतर तो काही काळ सैन्यात शिपाई होता, काही काळ वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात होता. दोन्हीकडे त्याचे मन रमले नाही. १८३४ साली अ‍ॅलन वारला. त्याच्या मोठ्या संपत्तीतील एक डॉलरही एडगरच्या वाट्याला आला नाही.

या काळात बॉल्टिमोर येथे राहणारी आत्या, मारिया क्लेम, हीच त्याला आधार होती. ती स्वतः दरिद्री होती. तथापि आपल्या भाच्यासाठी तिच्या घराचे दार सदैव उघडे असे. १८३३ साली तेथील एका साप्ताहिकाने कथास्पर्धा जाहीर केली. बाटलीत सापडलेल्या हस्तलिखिताची, एका समुद्रावरील संकटाची कथा लिहून पोने ५० डॉलरचे बक्षीस पटकावले. परीक्षकांपैकी जॉन केनेडी या लेखकाने पुढे त्याला एकदा जेवणास बोलावले. पोने उलट चिठ्ठी धाडली, की अंगावर घालण्याजोगे कपडे नाहीत, म्हणून येणे शक्य नाही. केनेडीने त्या चिठ्ठीतील व्यथा ओळखली आणि त्याला मदत केली. त्याच्याच शब्दावर १८३५ साली पोला रिचमंडच्या एका मासिकात काम मिळाले. १८३६ साली आत्याची मुलगी व्हर्जिनिया हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यानंतर आत्या, पत्नी व तो अशा तिघांचे बिऱ्हाड नोकरीच्या मागे गावोगाव फिरू लागले.

त्या काळी युरोपात व अमेरिकेत भयकथांना तोटा नव्हता. पडके किल्ले, साखळदंडांचे आवाज, पांढऱ्या वस्त्रांतील पिशाच्चे असे ठराविक साहित्य घेऊन लेखक पानेच्या पाने भरून काढीत. पोच्या कथांवरही असा आक्षेप आला, की हा जर्मन लेखकांचे भीषण वळण गिरवतो. १८४० सालच्या आपल्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत त्याने त्यास उत्तर दिले. आपल्या कथांतील भय जर्मनीतून आलेले नाही, ते माणसाच्या अंतःकरणातून आले आहे, असे त्याचे म्हणणे होते. या दोन खंडांच्या ग्रंथाबद्दल प्रकाशकाने त्याला पैसा दिला नाही. पुस्तकाच्या काही प्रती तेवढ्या दिल्या.

अंतःकरणातील भय म्हणजे काय, ते त्याला लवकरच जवळून पाहावे लागले. १८४२ सालच्या जानेवारीत फिलाडेल्फिया येथील घरी व्हर्जिनिया गात असताना तिच्या मुखातून एकाएकी रक्त आले. तो क्षयरोग होता, आणि त्या काळी क्षयावर औषध नव्हते. ती बरी होई, घरात हसू परत येई. पुन्हा रक्त पडे. असे एकदा नव्हे, अनेकदा घडले. पुढे एका पत्रात पोने लिहिले, की आशा आणि निराशा यांमधील ही न संपणारी ओढाताणच त्याला सहन होईना. मद्याचे व्यसनही त्याला याच वर्षांत अधिक जडले.

१८४२ सालीच त्याने हॉथॉर्न या लेखकाच्या कथांचे परीक्षण केले आणि त्यात लघुकथेविषयीचे आपले विचार मांडले. कथा एका बैठकीत वाचून होईल एवढीच असावी, कारण मध्येच उठून जाणाऱ्या वाचकावर व्यवहाराचे वारे वाहते आणि कथेची पकड सुटते. वाचकाच्या मनावर कोणता एक परिणाम घडवावयाचा, हे लेखकाने आधी ठरवावे व मगच प्रसंग योजावेत. पहिल्याच वाक्यापासून प्रत्येक शब्द त्या परिणामाकडे नेणारा असावा. जो शब्द नेत नाही, तो लिहूच नये.

त्याच वर्षी त्याने लिहिलेली तांबड्या मृत्यूची कथा याचे उत्तम उदाहरण होय. देशात भयंकर साथ पसरलेली असताना एक राजपुत्र हजार मित्रांसह एका मठात शिरतो, दारे आतून कायमची बंद करून घेतो आणि आत नाचगाणी चालू ठेवतो. शेवटच्या काळ्या दालनात एक मोठे घड्याळ आहे. दर तासाला त्याचा टोला पडला, की वादकांचे हात थबकतात, नाचणारे थांबतात, सर्वांचे चेहरे उतरतात. टोले संपताच ते हसून पुन्हा नाचू लागतात. साथ आत शिरण्याच्या कितीतरी आधीच वाचकाच्या छातीत धडधड सुरू झालेली असते, आणि तिला कारण काय, तर एक घड्याळ!

१८४३ सालच्या जानेवारीत प्रसिद्ध झालेली धडधडणाऱ्या हृदयाची कथा तर अवघ्या काही पानांची आहे. तीत माणसांना नावे नाहीत, गावाला नाव नाही, भूत तर नाहीच. एका म्हाताऱ्याचा निस्तेज डोळा सहन होत नाही, एवढ्याच कारणाने कथा सांगणारा त्याचा जीव घेण्याचे ठरवतो. सात रात्री तो कंदिलाची एकच बारीक तिरीप त्या डोळ्यावर सोडतो. डोळा मिटलेला असतो. आठव्या रात्री तो उघडा असतो. दोघेही अंधारात निश्चल, ऐकत बसलेले. खुनाहूनही हे बसणेच वाचकाला अधिक घाबरवते. मागाहून शिपाई चौकशीला येतात, तेव्हा प्रेत पुरलेल्या जमिनीखालून हृदयाचे ठोके गुन्हेगाराला ऐकू येऊ लागतात, आणि तो स्वतःच ओरडून गुन्हा कबूल करतो. ते ठोके खरोखर कोणाचे, हे पो सांगत नाही. सांगितले असते, तर भीती तेथेच संपली असती.

१८४५ सालच्या एका कवितेने त्याची कीर्ती देशभर झाली. दारिद्र्य मात्र हटले नाही. १८४६-४७ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कजवळील फोर्डहॅम येथील झोपडीवजा घरात व्हर्जिनिया गवताच्या गादीवर पडून होती. पांघरायला पोचा जुना कोट होता आणि ऊब देण्यासाठी छातीवर मांजर बसलेले असे. ३० जानेवारी १८४७ रोजी ती गेली. पुढे अडीच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १८४९ रोजी, पो बॉल्टिमोरमध्ये भ्रमिष्ट अवस्थेत आढळला आणि ७ तारखेस रुग्णालयात मरण पावला. त्याच्या मृत्यूचे कारण आजतागायत निश्चित झालेले नाही. वय अवघे चाळीस.

त्याच्या मागे ग्रिझवोल्ड या संपादकाने त्याचे चरित्र लिहिले. त्यात त्याने पोच्या खऱ्या दोषांत अनेक खोटे दोष मिसळले, आणि लोकांनी ते बरीच वर्षे खरे मानले. फ्रान्समध्ये मात्र बोदलेर या कवीने त्याच्या कथांची भाषांतरे करून त्याला मोठा मान मिळवून दिला. बॉल्टिमोरमधील त्याच्या कबरीवर कित्येक वर्षे नावाचा दगडही नव्हता. शेवटी तेथील शिक्षक व शाळकरी मुले यांनी वर्गणी गोळा करण्यास आरंभ केला, इतरांनीही भर घातली आणि १८७५ साली स्मारक उभे राहिले. त्याच्यावर जन्मतारीख कोरली गेली ती मात्र १९ ऐवजी २० जानेवारी.