शब्दांना धार लावणारे शास्त्रीबुवा

गेल्या पावसाळ्यात नातीने 'सिंहगडची सहल' हा आपला निबंध मला वाचायला दिला. एका पानात 'खूप छान' सात वेळा! पाऊस छान, पिठले-भाकरी छान, धुकेही छानच. सपक मराठीला कंटाळून आपल्याच पुण्यातल्या एका तरुण मास्तराने एकदा चक्क मासिक काढले होते, ते मला आठवले.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा जन्म २० मे १८५० चा, पुण्यातलाच. वडील कृष्णशास्त्री नामांकित ग्रंथकार, त्यांचे गद्य सोपे आणि रसाळ. जॉन्सनच्या 'रासेलस'चे त्यांनी हाती घेतलेले भाषांतर मुलाने पुरे केले. १८७२ साली विष्णुशास्त्री बी. ए. झाले आणि सरकारी शाळेत शिकवू लागले. त्या काळी मराठी पुस्तके निघत, पण पुष्कळशी भाषांतरित. वाक्याची ठेवण इंग्रजी आणि शब्द मिळमिळीत. १८७४ च्या जानेवारीत शास्त्रीबुवांनी 'निबंधमाला' सुरू केली. तिचे ८४ अंक निघाले, जवळजवळ सगळे एकहाती.

जोरकस लिहायचे म्हणजे संस्कृत शब्दांचा भारा वाहायचा, असा आपल्याकडे एक समज आहे. शास्त्रीबुवांना संस्कृत काही कमी येत नव्हते. त्यांची वाक्येही लांबलचक, आजच्या वाचकाला धाप लागावी अशी. (मला तर चष्मा पुसून पुन्हा सुरुवातीपासून वाचावे लागते.) पण नेमक्या जागी ते एखादी घरगुती म्हण किंवा ठसकेबाज बोली शब्द ठेवून देत, की सगळे वाक्य ताठ उभे राही. मराठीने स्वतःच्या चालीने चालावे, हा त्यांचा हट्ट होता.

सरकारी नोकरी आणि असली लेखणी यांचे जमणार किती दिवस? रत्नागिरीला बदली झाली; १८७९ साली त्यांनी राजीनामा दिला. १८८० च्या जानेवारीत टिळकांसह न्यू इंग्लिश स्कूल काढले, पुढच्या वर्षी 'केसरी'. १७ मार्च १८८२ रोजी ते गेले, तेव्हा वयाची बत्तिशीही पुरी झाली नव्हती. 'आमच्या देशाची स्थिती' या त्यांच्या अखेरच्या निबंधावर सरकारने पुढे बंदी घातली.

एक गोष्ट मात्र मला खुपते. ही धार लोकहितवादींवर चालली, तशीच जोतीराव फुल्यांवरही. फुल्यांच्या पुस्तकांचा समाचार घेताना त्यांनी भाषेच्या चुका काढल्या, टवाळी केली. त्या भाषेतले दुःख बाजूलाच राहिले. खरे तर शेताबांधावरची रोकठोक, अस्सल मराठी फुले लिहीत होते. सपकपणाचा एवढा तिटकारा असलेल्या माणसाला ती ऐकू येऊ नये!

हे नातीला सांगावे की नाही, असा क्षणभर विचार पडला. सांगितले. तिने विचारले, "आजोबा, मग फुल्यांचे पुस्तक आहे आपल्याकडे?" स्टूल घेऊन कपाटाच्या वरच्या फळीवरून 'गुलामगिरी' काढली. धूळ बरीच बसली होती.