शत्रूच्या राजाला स्वतः मारणारा रोमन सेनापती एका टेकडीपायी जिवाला मुकला

रोमन सेनापती म्हटलं की मागे घोड्यावर बसून हुकूम सोडणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. मार्कस क्लॉडियस मार्सेलस त्यातला नव्हता. सिसिलीच्या लढाईत शत्रूने घेरलेल्या भावाला त्याने स्वतः लढून सोडवलं होतं.

इसवी सन पूर्व 222. मार्सेलस तेव्हा कॉन्सुल, म्हणजे रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक होता. क्लास्टिडियमच्या लढाईत गॉल राजा विरिडोमारस समोर आला. मार्सेलसने थेट त्याच्यावर घोडा घातला आणि त्याला ठार केलं.

शत्रूच्या राजाला स्वतःच्या हाताने मारणारा सेनापती त्याचं चिलखत ज्युपिटरच्या देवळात अर्पण करायचा. रोमन परंपरेनुसार हा मान फक्त तिघांना मिळाला. मार्सेलस त्यातला शेवटचा.

पुढे 212 मध्ये त्याने सिराक्यूज जिंकलं. हॅनिबलशीही तो अनेक वर्षं लढत राहिला.

मग आलं 208. साठीचा मार्सेलस पाचव्यांदा कॉन्सुल होता. व्हेनुशियाजवळ दोन छावण्यांमधली एक टेकडी बघायला तो मोजके घोडेस्वार घेऊन स्वतः निघाला. तिथल्या झाडीत हॅनिबलचे सैनिक दबा धरून बसले होते. मार्सेलस तिथेच मारला गेला. दुसरा कॉन्सुल क्रिस्पिनस जखमी झाला आणि नंतर त्याच जखमांनी वारला. ऐन युद्धात रोमने दोन्ही कॉन्सुल गमावले.

इतिहासकार पॉलिबियसने याचा दोष मार्सेलसलाच दिला. टेहळणी हे साध्या तुकडीचं काम होतं. पुढे राहायच्या ज्या सवयीने त्याला मोठं केलं, तीच त्याला नडली.