विश्लेषण : नवे तंत्र आले, जुन्या रिळांचे काय झाले? दादासाहेब फाळके यांची नाशिकमधली गोष्ट

एखादे जुने संकेतस्थळ नव्या फ्रेमवर्कवर न्यायचे ठरले की दोन प्रश्न उभे राहतात. तंत्र कोणते निवडायचे आणि जुन्या डेटाबेसमधली माहिती त्यात कशी उतरवायची? दादासाहेब फाळके यांच्या काळात संगणक नव्हता, पण हे दोन्ही प्रश्न त्यांच्यासमोर आले. पहिला त्यांनी उत्तम सोडवला. दुसरा समोर आला तेव्हा त्यांनी साठी गाठली होती.

चित्रपटांआधी ते काय करत?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण झाल्यावर त्यांनी गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय केला. तिथे प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छापखाना. रंगीत छपाईचे तंत्र आणायला ते १९०९ मध्ये जर्मनीला गेले. पण भागीदारांशी पटले नाही आणि हातातला चालता धंदा सुटला.

कॅमेरा कसा निवडला?

मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिल्यावर त्यांनी चित्रपटाचा ध्यास घेतला. आयुर्विमा पॉलिसी गहाण ठेवून फेब्रुवारी १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकाचा सल्ला घेतला, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले आणि विल्यमसन कॅमेरा घेतला. सोबत फिल्मच्या कडेला भोके पाडणारे यंत्रही घेतले.

हे दुसरे यंत्र क्षुल्लक वाटेल, पण खरी मेख तिथेच होती. त्या वेळी कोरी फिल्म भोकांशिवाय मिळे. भोके एकसारख्या मापाची नसतील, तर फिल्म प्रोजेक्टरमध्ये अडकते. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोके असलेली ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म १९०९ मध्येच आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरली होती. फाळके यांनी तेच माप धरले. त्यामुळे दादरच्या घरी धुतलेली फिल्म कोणत्याही शहरातल्या चित्रपटगृहात चालू शकत होती. भोके पाडण्याचे आणि फिल्म धुण्याचे काम सरस्वतीबाई रात्री जागून करत. त्यांचे नाव या कथेत नेहमीच उशिरा येते.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्याच वर्षी फाळके यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले. १९१४ मध्ये तीन चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. माप एकच असल्याने ते तिथेही दाखवता आले.

बोलपट आल्यावर काय अडले?

‘लंका दहन’ (१९१७) गाजला. १९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पण मतभेद झाले, फाळके काही काळ काशीला निघून गेले आणि नंतर परतले.

मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला. फाळके यांचा ‘सेतुबंधन’ मात्र मूकपट म्हणून तयार झाला होता. प्रेक्षक आता आवाज मागत होते, म्हणून त्यावर नंतर आवाज चढवण्यात आला.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला साधारण सोळा चौकटी टिपल्या जात. बोलपटाचा वेग चोवीस आणि तोही पक्का. कमी वेगाने टिपलेले दृश्य चोवीसने चालवले की माणसे दुडूदुडू धावू लागतात. शिवाय आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेलाच छापावी लागे आणि तेवढे चित्र कापले जाई. संवाद ओठांशी जुळवणे आणखी वेगळे. मूकपट बनवतानाच यातले काही ठरवता आले असते. नंतर ते फक्त सांभाळून घेता येते.

कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. तो मुळातच बोलपट होता, तरी प्रेक्षक तोवर पुढे गेले होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले.

मग आज काय उरले आहे?

फाळके यांनी शंभराच्या आसपास चित्रपट आणि लघुपट केले, असे सांगितले जाते. त्यातले आज तुकडेच दिसतात. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पटकन पेटते आणि न पेटली तरी हळूहळू कुजते. वेळीच दुसऱ्या फिल्मवर उतरवली नाही, तर ती संपते. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांना १९१७ मध्ये पुन्हा चित्रित करावा लागला. आज पाहायला मिळतात ती दृश्ये या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात.

पुण्यातले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, म्हणजे फाळके जाऊन वीस वर्षे झाल्यावर. पी. के. नायर यांनी उरलेली रिळे शोधून जमवली आणि ती टिकाऊ फिल्मवर उतरवली गेली. माप प्रमाणित असल्याने नक्कल करणे जमले. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि जुना साठा जळाला; फाळके यांची दृश्ये मात्र त्या नकलांमुळे राहिली.

‘कालिया मर्दन’ (१९१९) बराचसा शिल्लक आहे. बाळकृष्णाच्या भूमिकेतली त्यांची मुलगी मंदाकिनी आज मोबाइलच्या पडद्यावरही पाहता येते. ‘लंका दहन’चे मात्र थोडेच भाग हाती लागले आहेत. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी एकट्यानेच केल्या होत्या.